पहिला बार

सुनंदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा जीवराम ओट्यावर काडतुसं भरत बसले होते. समोर स्वयंपाकघरातला वजनकाटा होता आणि त्याच्यावर बंदुकीच्या दारूची काळपट भुकटी सांडलेली होती. शेजारी कोशिंबिरीच्या वाटीत बारीक पोलादी गोळ्या. त्या त्यांनी सायकलच्या दुकानातून आणल्या होत्या.

"हा काटा मी आता घरात घेणार नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"नवा आणू. दुपारी पाहुणे जेवायला यायचेत. त्यांना बदकं नकोत का?"

"शिकारीला बंदी आहे."

"आपल्या शेतातल्या तळ्यावर कोण बघतंय?"

पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता. त्यात कुणीतरी हिंदीतून काडतुसं भरायला शिकवत होतं. शिकवता शिकवता तो माणूस थांबला आणि बोट उगारून म्हणाला, "पुरानी बंदूक में स्टील कभी मत भरना, भाई. नाल फट सकती है." नळी फुटायची गोष्ट निघताच जीवरामांनी आवाज बंद केला.

भिंतीला टेकलेली दुनळी बंदूक त्यांच्या वडिलांची होती. पिकातली डुकरं हाकलायला म्हणून तिचा परवाना काढलेला.

"मग शिशाचेच छर्रे भरा ना, नेहमीसारखे."

"शिसं पोटात गेलं की विष असतं, अगं. मागच्या खेपेला एक छर्रा दाताखाली आला. डॉक्टर केवढे रागावले! या वयात आपण आपल्या जिवाला जपायला नको?"

एवढं बोलून त्यांनी काडतुसाचं तोंड दाबून बंद केलं. मग बोटांना लागलेली दारू त्यांनी शेजारच्या रुमालाला पुसली आणि तळ्याच्या दिशेने हाक मारली.

"कौतिक! ये रे इकडे."

कौतिक आला. शेताची राखण तोच करायचा. केस पांढरे झाले होते. मारलेली बदकं गळ्याएवढ्या पाण्यात उतरून तोच बाहेर काढायचा, तोच सोलायचा. त्या बंदुकीला मात्र जीवरामांनी त्याला कधी हात लावू दिला नव्हता.

"घे," काडतुसं घातलेली बंदूक पुढे करत जीवराम म्हणाले. "आज पहिला बार तुझा."

कौतिकने आधी हात धोतराला पुसले. "मना, भाऊ?"

"तुझाच. जा, बांधावर उभा राहा."

नवी नवरी घरात आणावी तसा तो ती बंदूक दोन्ही हातांनी घेऊन बांधावर गेला. पाण्यावर बदकं निवांत होती. चहाचा कप हातात घेऊन सुनंदाबाई त्याच्या मागे चार पावलं गेल्या. एवढा खूश झालेला कौतिक त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सुनंदा!"

त्यांनी वळून पाहिलं. जीवराम ओट्यावर नव्हते. ते पंपाच्या खोलीमागे जाऊन उभे होते आणि भिंतीआडून फक्त डोकं बाहेर काढून हात हलवत होते.

"तिथे नको उभी राहू," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इकडे ये. भिंतीमागे."

सुनंदाबाईंना मोबाईलमधल्या माणसाचं उगारलेलं बोट आठवलं. कप त्यांनी तिथेच ओतून टाकला. मग त्या बांधावर चढल्या आणि कौतिकला अगदी खेटून उभ्या राहिल्या.

"बाजूला हो!" आता जीवराम ओरडले. तळ्यावरची बदकं एकदम उठली.

"का?" सुनंदाबाईंनी तितक्याच मोठ्याने विचारलं. "काय होणार आहे?"

 जीवराम भिंतीआडून बाहेर आले नाहीत.

कौतिकने खांद्याची बंदूक खाली घेतली. त्याने आधी सुनंदाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या भिंतीकडे. 

"भाऊ," तो म्हणाला, "आज मालेच काब्र दिन्ही?"

"तुलाच का? तुझी हौस म्हणून रे! दुसरं काय?"

"मंग तुम्ही या. तुम्ही उडावा."

"आता उठली ना बदकं. आता काय उपयोग?"

कौतिकने बंदूक उघडून काडतुसं बाहेर काढली आणि तळ्यात भिरकावली. बंदूक त्याने बांधावरच्या चिखलात आडवी ठेवली. तेव्हा जीवराम धावत आले. बंदूक उचलून ते स्वतःच्या शालीने नळीवरचा चिखल पुसू लागले, उजेडात धरून पुन्हापुन्हा तपासू लागले.

"ओरखडा पाडलास बघ," ते म्हणाले. "बाबांची आठवण आहे ही. काही कळतं का तुला?"

कौतिक आपल्या हातांकडे पाहत होता. त्याने मुठी मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग तो झाडाखाली लावलेल्या मोपेडकडे गेला.

"मला धरणगावच्या स्टॅण्डावर सोडता का, कौतिकभाऊ?" सुनंदाबाईंनी विचारलं. आजवर त्या त्याला नुसतं कौतिक म्हणत आल्या होत्या.

"बसा, अक्का."

"वेडी झालीस का?" जीवराम म्हणाले. "गाडी आहे ना आपली! राखणदाराच्या मागे बसून जाणार? आणि स्वयंपाक?"

सुनंदाबाई बसल्या. मोपेड पायवाटेला लागली. मागून जीवराम बंदूक छातीशी धरून थोडं अंतर पळत आले.

"गावात कोणाला काही बोलू नका!" ते ओरडले. "काही झालंय का? काहीसुद्धा झालेलं नाही!"

कौतिकने मागे वळून पाहिलं नाही. सुनंदाबाईंच्या तोंडाला मघापासून आंबट पाणी सुटत होतं. त्यांनी पदर सावरला, मान एका बाजूला वळवली आणि धावत्या गाडीवरून, आयुष्यात पहिल्यांदा, भर रस्त्यावर थुंकल्या.