भिंगरीची सही

"ताप कधीपासून?" दवाखान्यातून डॉक्टरांनी विचारलं. आरोग्य केंद्राच्या टेबलावर फोन स्पीकरवर होता, त्यामुळे समोर बसलेल्या भिंगरीच्या रूममेटलाही ते ऐकू आलं.

सिस्टरनी हजेरीचे कागद चाळले. "काल रात्रीपासून असणार. काल दुपारपर्यंत वर्गात होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस सही आहे."

विद्यापीठात मेंदूज्वर शिरल्यापासून हजेरीला भलताच भाव आला होता. बाराच्या ठोक्याला कागद आरोग्य केंद्रात पोचायचा. ज्याची सही नाही, त्याच्या खोलीवर सिस्टर स्वतः जाऊन धडकायच्या आणि अंग गरम लागलं की थेट दवाखान्यात रवानगी.

एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. ती भिंगरी सोमवारी अंथरुणातून उठलीच नाही. "साधा ताप आहे गं. तिकडे नेऊन टाकलं तर परीक्षा बुडेल माझी. तेवढी सही ठोक."

रूममेटने ठोकली. भिंगरीची सही तिला स्वतःच्या सहीपेक्षा झकास जमायची. मंगळवारी ठोकली, बुधवारीही ठोकली. आज सकाळी भिंगरीने तिला ओळखलं नाही, तेव्हा तिला दवाखान्यात हलवलं.

सिस्टरसमोर खुर्चीत बसताना रूममेटला वाटलं होतं, आता रडू कोसळेल. काही झालं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं आत सगळं बधिर होतं.

"मग वेळेत आणलंत म्हणायचं," डॉक्टर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. सिस्टरनी मान वर केली. "सोमवारपासून आहे ताप. सह्या मी केल्यात."

डॉक्टर "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

सिस्टरनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी हजेरीचे कागद एकावर एक ठेवले. सोमवारी त्या भिंगरीच्या खोलीच्या दोन मजले वर, दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीवर जाऊन आल्या होत्या. कपाट उघडून त्यांनी एक गोळी काढली आणि पाण्याचा ग्लास भरला.

"ही घे. लागण होऊ नये म्हणून एका खोलीत राहणाऱ्यांना देतो आम्ही."

तिने गोळी गिळली.

सिस्टरनी ग्लास परत घेतला. "तुला काही होणार नाही," त्या म्हणाल्या.