टाकीचं च्च

माझा साडू म्हणजे अकलेचा कांदा. मला न विचारता जुनी गाडी घेतली आणि आता तिच्यात पेट्रोल भरता येईना. नोझल आत घातलं की लगेच बंद पडायचं.

“गाडी च्च करते,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्यावर करता ना, अगदी तसं.”

मी गॅरेजवाला माणूस. असल्या बावळटपणावर च्च नाही करणार, तर काय टाळ्या वाजवणार? त्याला घेऊन पेट्रोल पंपावर गेलो.

“अहो, पेट्रोल आत शिरताना टाकीतली हवा बाहेर पडावी लागते. हवेचा पाइप तुंबला की नोझल आपोआप बंद होतं. आवाज त्याचा असतो.”

तिथेच पाइप काढून फुंकला. चांगला साफ होता. परत जोडला, नोझल लावलं. च्च.

मी नोझल काढून जागेवर अडकवलं आणि टाकीच्या तोंडाला कान लावला. आत सगळं गप्प.

“बघा, तुमचं खूळ!” म्हणत मी च्च करायला गेलो. जीभ टाळूला लागली, सुटली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. तो टाकीतून आला.

साडूने समाधानाने मान डोलावली.

“आता भरेल,” म्हणाला आणि त्याने नोझल आत घातलं. पेट्रोल न अडता वाहू लागलं. आकडे पळत राहिले, टाकी काही भरेना.

‘थांबा’ म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझ्या ओठांवरून पेट्रोल ओघळलं.