काचेअलीकडे

एका पेशंटला एकच माणूस, तेही दहा मिनिटं, आणि दोघांच्याही तोंडावर मास्क. वॉर्डच्या दारावर लावलेला नियम तिने पुन्हा एकदा वाचला आणि ती आत न जाता दारातच थांबली. अंगात घालायला दिलेला निळा झगा अजून तिच्या हातावरच होता.

काल ती आत गेली होती. नवऱ्याचा हात हातात घेऊन बसली होती. तो काहीतरी सांगत होता, कारण त्याच्या तोंडावरचा, वाफेने धुरकटलेला ऑक्सिजनचा मास्क सारखा हलत होता. पण तिला ऐकू येत नाही. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून घेते, आणि इथे कुणाला ओठच नव्हते. डॉक्टर, नर्स, झाडूवाली, सगळ्यांचे नुसते डोळे. वेळ संपली तशी ती गेली तशीच रिकामी परत आली.

मुळात तो न्हावी. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण असेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू, म्हणजे बिचाऱ्याला उलटून बोलायची सोय नाही. घरी बायकोशी मात्र तो आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, या दोघांत भांडण म्हणून होत नाही.

"जेवताना त्यांचा मास्क काढता ना?" तिने नर्सला विचारलं.

नर्सने मान हलवली. मग फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, ‘चार घास होईपर्यंतच. धाप लागते. तेव्हा माझ्याशिवाय आत कुणाला सोडत नाही.’

"मग मला नकोच सोडू, बाळा. मी वॉर्डच्या या काचेबाहेर उभी राहते. तू त्यांना माझ्यासमोर जेवू घाल."

‘आत आलात तर हात तरी धरता येईल, मावशी.’

"हात जन्मभर धरलाय. इथे आणल्यापासूनचं बोलणं साठलंय त्यांच्या पोटात."

नर्सने फोन खिशात टाकला. मग आत जाऊन तिने पलंगाची उशाकडची बाजू वर केली, म्हाताऱ्याचं तोंड काचेकडे वळवलं, नाकाशी बारीक नळी लावली आणि मास्क काढला.

गालांवर पांढरे खुंट वाढले होते.

‘बघू नकोस,’ त्याचे ओठ म्हणाले. ‘धंद्याला बट्टा लागला.’

तिने आपला मास्क हनुवटीखाली ओढला. नर्सने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

‘छान दिसताय,’ ती म्हणाली. आवाज काढायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

‘आणि तो डॉक्टर! त्याचे केस कात्रीने कापलेत की उंदराने कुरतडलेत, ते विचार एकदा.’

ती खळखळून हसली. बाकावर बसलेली माणसं वळून बघू लागली. नर्सने पुढे केलेला चमचा त्याने हाताने बाजूला सारला. त्याला जेवायला वेळ नव्हता. दुकानातल्या खुर्चीची गादी उसवलीय, ती शिवून घे. कोपऱ्यावरच्या लुळ्या मास्तरांची दाढी करायला कुणाला तरी पाठव, ते वाट बघत असतील. शेजारच्या पलंगावरचा रात्रभर घोरतो, तुझं बरं आहे, तुला ऐकू येत नाही.

मग तो थांबला.

‘घाबरलीस का गं?’

‘नाही.’

‘मी घाबरलोय.’

तिने तळहात काचेवर टेकवला. त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले. तिने डोळे ताणून पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं, हे शब्द नाहीत. हा नुसता श्वास आहे. ओठांचा रंग उतरत चालला होता.

"मास्क लाव!" तिने काचेवर थापा मारल्या. "पुरे झालं बोलणं! आधी मास्क लाव त्यांना!"

नर्सने चमचा टाकून मास्क लावला, पट्टा डोक्यामागे ओढला. हळूहळू त्याच्या छातीचा भाता जरा संथ झाला. त्याने डोळे उघडले, बायकोला शोधलं, आणि प्लास्टिकवर वाफ धरू लागली. आतून तो बोलत होता.

इतक्या वर्षांच्या संसारात कळल्याशिवाय तिने कधी ‘हो’ म्हटलं नव्हतं. आता ती काचेला कपाळ लावून उभी राहिली आणि त्याचा मास्क हलला की मान हलवत राहिली.