सरांना सगळं कळायचं

कंपनीचे वकील सरांची तोंडभरून स्तुती करत होते, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असलेली सरांची बायको ती ऐकत होती. सव्वीस वर्षं शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. तीनशेवर मुलं हाताखालून गेली. कुठल्या खेळाडूचा डावा पाय कच्चा, ओल्या मैदानावर कोणाचा दम आधी जातो, सगळं तोंडपाठ. वकिलांनी सरांच्या नोंदींच्या नऊ वह्या टेबलावर मांडल्या. शाळेच्या कपाटातून त्या पुरावा म्हणून मागवल्या होत्या.

तिला भरून आलं. सरांनी जीव दिला त्याला अकरा महिने झाले होते. तेव्हापासून त्यांच्याबद्दल चारचौघांत कुणी बरं बोलल्याचं ती आज पहिल्यांदा ऐकत होती. अंत्ययात्रेतही लोक हळू आवाजात सट्टा आणि बुडालेला फंड याखेरीज काही बोलले नव्हते. आणि आता इतकं छान बोलणारा माणूस होता तो त्याच कंपनीचा, जिच्या ॲपवर फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावून सर बुडाले.

स्तुती अर्थातच फुकट नव्हती. खेळ नशिबावर चालत असेल तर तो जुगार. मग ॲप बंद, आणि सरांचा निवृत्तीचा पैसा परत. कौशल्यावर चालत असेल तर तो धंदा, आणि हरणारा आपल्याच अकलेने हरलेला. म्हणजे सर जितके हुशार ठरतील तितकी कंपनी निर्दोष. तिच्या बाजूच्या वकीलबाईंना मात्र सर अडाणी हवे होते. वकीलबाई म्हणजे पंचविशीतली मुलगी, एक पैसा न घेता लढत होत्या, अगदी मनापासून. सकाळी कँटीनमध्ये चहा पाजून त्यांनी तिला पढवलं होतं. काकू, एकच वाक्य म्हणायचं, ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. घाबरायचं नाही, पुढचं मी बघते.

ते वाक्य तिने बेसिनपाशी तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा नवऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं. तसं बघितलं तर सरांना दुसरं येत तरी काय होतं? धड खिळा ठोकता यायचा नाही. भाजीवाला त्यांना राजरोस फसवायचा. ज्या एका गोष्टीत माणसाने जन्मभर डोकं घातलं, तीच त्याला कळत नव्हती म्हणायचं?

पहिल्या रांगेत धाकटा दीर बसला होता. कोर्टाच्या साऱ्या खेपा त्यानेच घातल्या. भाऊ गेला त्या दिवशी त्याने तिला एकदाच विचारलं होतं, वहिनी, तुम्हाला कधीच काही कळलं नाही? ती नाही म्हणाली होती. त्याने विश्वास ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या विश्वासाचंच तिला ओझं झालं होतं.

"तर बाई," वकील म्हणाले, "सरांना खेळ कळत होता की नव्हता? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

वकीलबाईंनी तिच्याकडे बघून मान किंचित हलवली. टाइप करणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली.

"कळत होता," ती म्हणाली. "त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता."

वकील समाधानाने खाली बसले. वकीलबाईंचा चेहरा पडला. खटला हातचा गेला हे कोर्टात झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं.

"आणि तरी ते हरायचे," ती पुढे म्हणाली. "रोज हरायचे. शेवटी शेवटी जिंकले ते चार डाव त्यांचे नव्हते. माझे होते."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि नीट सांगायला सांगितलं. तिने सांगितलं. एका रविवारी ती भांडी घासत होती. सरांनी फोन तिच्यापुढे धरला आणि यातल्या एका संघावर बोट ठेव म्हणाले. संघात किती जण खेळतात हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, आताही नव्हतं. निळे शर्ट दिसायला बरे वाटले म्हणून तिने साबणाचं बोट निळ्यांवर टेकवलं. निळे जिंकले. पुढचे तीन रविवार तिनेच बोट ठेवलं, हसत हसत, आणि तिन्ही वेळा जिंकली. कंपनीने दाखल केलेल्या कागदांत ते चारही रविवार तारखेनिशी होते.

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. जाणता माणूस रोज हरतो आणि ज्याला काही कळत नाही तो जिंकतो, याला कौशल्य म्हणायचं की नशीब, असं त्यांनी विचारलं.  कंपनीचे वकील वह्या गोळा करू लागले. सगळं तिच्या बाजूने चाललं होतं आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. ती दिराकडे बघत होती. तो मान खाली घालून बसला होता.

न्यायाधीशांनी शेवटचं एकच विचारलं. एवढा जाणता माणूस, खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या बायकोला बोट ठेवायला का सांगतो?

"कंटाळले होते ते," ती म्हणाली. "म्हणाले, हा शेवटचा डाव. हा हरलो की ॲप काढून टाकतो, तुझी शपथ. तुला काही कळत नाही, तू नक्की हरशील, म्हणजे मी सुटेन."

कारकून टाइप करायचं विसरून तिच्याकडे पाहत राहिला.

"आणि मी जिंकले."