पुढची जोडी

गॅरेजवाल्या उस्तादच्या डाव्या हाताची करंगळी बाकड्यावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात होती आणि व्हाइसचा दांडा ठेकेदाराच्या हातात.

"परत सांग," ठेकेदार म्हणाला. "चाकं एकोणतीस इंची होती, तू साडेचौतीसची चढवलीस. मग?"

"मग गिअर बदलावे लागतात, मालक. मोठी चाकं जुन्या गिअरना ओढवत नाहीत, चढावर गाडीला धाप लागते. आत्ता चार-दहाची जोडी आहे. म्हणजे चाकाच्या दहा फेऱ्यांना शाफ्टच्या एक्केचाळीस. त्याऐवजी चार-अठ्ठ्याऐंशीची टाकायची. एक पुढच्या एक्सलला, एक मागच्या."

"आणि फक्त मागच्याच एक्सलला टाकली तर?"

उस्तादने मान फिरवली. ठेकेदाराने दांडा पाव फेरी फिरवला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. उस्ताद ओरडला नाही. बाकड्याला कपाळ टेकवून श्वास घेत राहिला.

"साध्या रस्त्यावर काही कळणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तिथे मागचीच चाकं ढकलतात. पण फोर व्हीलचा लिव्हर ओढून चारही चाकांना जोर दिला, की पुढची चाकं एका वेगाने पळू बघतात, मागची दुसऱ्या. एकमेकांच्या उरावर बसतात. स्टिअरिंगचा दगड होतो. कोरड्या कातळावर, वळणावर..."

"गाडी सरळ जाते," ठेकेदाराने वाक्य पुरं केलं आणि दांडा सैल सोडला. "तेवढंच करायचं. मागची जोडी नवी, पुढची जुनी."

जीप त्याच्या बायकोची होती. सोमवारी ती खाली शहरात जाऊन कोर्टात साक्ष देणार होती. खाणीवर ठेकेदाराने मुकादमाच्या डोक्यात पहार घातली, ती तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली होती. पुढचे तीन आठवडे त्याने तिला समजावलं, आधी तोंडाने, मग पट्ट्याने. तिच्या दोन बरगड्या मोडल्या. हट्ट मोडला नाही. आता घरात तिच्या केसाला धक्का लागला असता, तर पोलीस दारात उभे राहिले असते. मग त्याने हात जोडून माफी मागितली आणि तिच्या गाडीला मोठी चाकं घेऊन दिली. उताराला बरी, म्हणाला.

खिळ्याला एक टवका उडालेला कप लटकत होता. ठेकेदाराने तो काढून माठातलं पाणी घेतलं. "कुणाचा हा?"

"मुकादमाचा. रोज यायचा चहाला."

"आता माझा," ठेकेदार हसला. "माझी जीपही ठेवून जातोय. पुढून टकटक येते, चाकाच्या फेरीगणिक एक. नट ढिला असेल."

"किंवा एखादा दात उडाला असेल. बघतो."

"बघू नकोस. बंद कर."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तो तपासायला आला. कुणाच्या शब्दावर विसंबणं त्याच्या रक्तात नव्हतं. बायकोची जीप त्याने जॅकवर चढवून घेतली, टायरवर आणि शाफ्टवर खडूच्या रेघा ओढल्या आणि स्वतः मोजायला बसला. मागे चाकाच्या दहा फेऱ्यांना शाफ्टच्या पावणेएकोणपन्नास. पुढे एक्केचाळीस.

"शाब्बास," तो म्हणाला. "आता ही तिला पोचव. आणि उतारावर फोर व्हीलचा लिव्हर कधी ओढायचा, तेही सांग. गाडीच्या बाबतीत माझं ऐकते, पण तुझ्यावर विश्वास जास्त आहे."

"सांगतो. नीट समजावून सांगतो," उस्ताद म्हणाला. करंगळीला त्याने आधाराला पान्याचा तुकडा बांधला होता.

सोमवारी सकाळी ठेकेदार स्वतःची जीप न्यायला आला. दोन्ही जीपा त्याने एकाच दिवशी घेतल्या होत्या. बायकोची पांढरी, त्याची हिरवी, बाकी तेव्हा गिअरसकट सगळं सारखं. सीटवर पुठ्ठ्याचं जड खोकं होतं.

"हे काय?"

"बाईंच्या गाडीच्या पुढच्या एक्सलसाठी आणलेली, उरलेली जोडी. तुमची वस्तू तुमच्याकडे असलेली बरी."

"आणि टकटक?"

"गेली, मालक."

खरंच गेली होती. खाणीपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. ठेकेदाराला मनापासून बरं वाटलं. हात ठेचला, की माणूस कामाला लागतो.

दहा वाजता बायको निघाली. तिने मागे वळून पाहिलंही नाही. त्याने दोनशे पावलांचं अंतर ठेवलं. अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचून रडायचं काम त्याचंच होतं.

उतार सुरू होतो तिथे एक पिवळा दगड आहे. पुढे नुसता कातळ, एक तीव्र वळण आणि डाव्या हाताला तीनशे फूट काही नाही. त्या दगडापाशी लिव्हर ओढल्याशिवाय ठेकेदार स्वतः कधी उतरला नव्हता. तिलाही त्यानेच तसं शिकवलं होतं.

पांढरी जीप दगडापाशी आली. ठेकेदाराने श्वास रोखला. जीप पहिल्या गिअरमध्ये, म्हातारीने जिना उतरावा तशी सावकाश वळण घेऊन गेली.

विसरली, तो पुटपुटला. जन्माची विसरभोळी. पुढे अजून दोन वळणं होती. ती नजरेआड जाऊ नये म्हणून त्याने वेग वाढवला आणि पिवळ्या दगडापाशी, वीस वर्षांच्या सवयीने, लिव्हर ओढला.

गाडीखालून किंचाळी आली. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पिळलं. ते हललं नाही. त्याने ब्रेक दाबला. चाकं घसरली, गाडी सरळच चालली. खालच्या टप्प्यावर बायको गाडीतून उतरून उभी होती. तिने एका हाताने बरगड्या धरल्या होत्या आणि ती वर बघत होती.

धक्क्याने सीटवरचं खोकं खाली आदळून फुटलं आणि आतलं दातेरी चक्र घरंगळत त्याच्या पायाशी आलं. नवी जोडी चकचकीत असते. हे चक्र जुन्या तेलाने काळं झालेलं होतं, आणि त्याचा एक दात उडालेला होता.