होफरबाईंची विद्यार्थिनी

"तिच्या डोक्यात इतिहास भरणं आजपासून बंद करा," नंदकुमार दारातूनच म्हणाला.

होफरबाईंनी दार पूर्ण उघडलं. "आधी बसा तर. चहा घेणार?"

"काही नको."

कुवेतच्या महबूला भागातल्या त्या फ्लॅटवर तो पहिल्यांदाच येत होता. त्याची बारावीतली मुलगी स्पृहा वर्षभर इथे जर्मन शिकत होती. त्याची बायको अर्चना तिला गाडीतून आणायची आणि शिकवणी संपेपर्यंत इथेच थांबायची. नंदकुमारची हरकत नव्हती. मेकॅनिकलच्या जोडीला एखादी भाषा असलेली बरी. पण काल अर्चना फोनवर कुणाला तरी सांगत होती, "लायपझिग विद्यापीठात प्रवेश मिळाला. आर्थिक इतिहास." ते ऐकून त्याच्या पायाखालची वाळूच सरकली.

"इतिहास शिकून पोट भरतं का?"

"माझं भरलं की," बाई म्हणाल्या. "जर्मनीत गावातल्या शाळेत शिकवत होते. सेहेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडच्या विणकरांवर संशोधन करायला घेतलं. नवरा म्हणाला, लोक हसतील. हसलेही. पुढे त्याच लोकांनी मला विधानसभेत निवडून दिलं."

"मग ते सोडून इथे शाळेत कशाला आलात?" त्याने खोचकपणे विचारलं.

"खेड्यातल्या शाळा बंद करायचा ठराव होता. पक्ष म्हणाला, हात वर करा. मी नाही केला. पुढच्या निवडणुकीला मला उभं केलं नाही. मग पुन्हा वर्गात आले, झालं." त्यांच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता. "आज विचारलं, तरी तो हात खालीच राहील."

"तुमची गोष्ट वेगळी. तिचं वय तरी बघा!"

"वयाचं मला सांगू नका." आता बाईंचा आवाज चढला. "कुवेतमध्ये तुमचा रुपया चालायचा, त्या काळातले म्हातारे व्यापारी तिने जुन्या बाजारात जाऊन शोधून काढले. मोडक्यातोडक्या अरबीत त्यांना बोलतं केलं. इतकी वर्षं शिकवतेय, अशी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती."

"माझी परवानगी नाही."

"तिने मागितलीय का?"

नंदकुमार ताडकन उठला. घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं तापलेलंच होतं. अर्चना पोळ्या करत होती.

"तुला सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि तू अडवलं नाहीस?"

"कशाला अडवू?"

"परक्या देशात एकटीने राहायचं म्हणजे काय, कल्पना आहे?"

"जमेल. माणूस सगळं शिकतं."

"माझ्या पाठीमागे एवढं सगळं ठरवलंत!"

"पाठीमागे नाही. दोनदा तुमच्यासमोर विषय काढला होता. तुम्ही मोबाइलमधून मानही वर केली नाहीत."

त्याने स्पृहाच्या खोलीचं दार ढकललं.

"लायपझिग वगैरे डोक्यातून काढून टाक. तू कुठेही जाणार नाहीस, समजलं?"

स्पृहाने कानातला इअरफोन काढला. "मी? बाबा, आय'म गोइंग टु पुणे! मेकॅनिकल. ठरलंय ना आपलं?"

नंदकुमार वळला. अर्चना दाराशी येऊन उभी होती. पदराला हात पुसत तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तिला कशाला रागावता?" ती म्हणाली. "लायपझिगला मी चाललेय."