पेन्सिलीचे आकडे

"पेन नको, आई. इथे फक्त पेन्सिल." ऊर्मिलाने स्नेहलताबाईंच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या या प्रयोगशाळेत लेकीची पीएचडी चालली होती, पाचशे वर्षांपूर्वीच्या शाईवर. टेबलावर अकरा पत्रं होती. बापाने सोळाव्या वर्षी मठात घातलेल्या मार्गारेटला तिच्या प्रियकराने लिहिलेली.

"एकही तिला मिळालं नाही," ऊर्मिला म्हणाली. "मठाच्या मदरने सगळी फोडून वाचली आणि स्वतःच्या पेटीत ठेवली. ती बिचारी वाट बघून थकली आणि शेवटी नन झाली." तिचे डोळे भरून आले. "काय अधिकार होता गं त्या बाईला?"

"तिला वाटलं असेल, पोरीचं भलंच करतेय. पण मग जाळली का नाहीत?"

"पत्र जाळायला हात धजत नाही."

ऊर्मिलाने एकेका पत्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक आकडा घातला आणि तारखेप्रमाणे लावून ती पारदर्शक पाकिटांत सरकवली.

लेकीचा हळवेपणा पाहून स्नेहलताबाईंना धीर आला. पुण्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जयंतरावांबद्दल हिला आजच सांगून टाकावं, असं वाटलं. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. ऐकू कमी येतं, फोनचा उपयोग नाही, म्हणून दर आठवड्याला पत्र टाकतो म्हणाले होते. लेकीकडे येऊन अडीच महिने झाले, एक ओळ नाही. या वयात कुणाचं मन बदललं तर दोष तरी काय द्यायचा?

"आज टपाल काही?" ट्राममध्ये त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. टपालपेटीची किल्ली ऊर्मिलाच्या जुडग्यात असायची.

"ब्रीफकास्टेनमध्ये जाहिरातीच होत्या. मग ठरलं ना? पुण्याचं घर विकायचं, नाशिकला मामाकडे राहायचं. बाबा गेल्यापासून मला तुझीच काळजी लागलेली असते."

जयंतरावांबद्दल आता बोलून काय उपयोग?

"ठरलं," त्या म्हणाल्या. ऊर्मिलाने त्यांचा हात घट्ट धरला.

शनिवारी दुपारी बॅग भरताना सुतळी कापायला कात्री हवी होती. ऊर्मिला दुकानात गेली होती. स्नेहलताबाईंनी तिच्या टेबलाचा खण उघडला. कात्री वरच होती.

तिच्याखाली पारदर्शक पाकिटं होती, तारखेप्रमाणे लावलेली. सगळ्यांत वरच्यात जयंतरावांचं तिरपं अक्षर, आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक घातलेला आकडा. नऊ.